आधी श्वास मोजा, मग औषध द्या!

लहान मूल खोकू लागले, नाक वाहू लागले की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो 'कोणते औषध द्यायचे?' हा. 'याला झाले आहे तरी काय?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. मेडिकलवाला विचारत नाही, गल्लीतला डॉक्टर विचारत नाही आणि खरे सांगायचे तर आपणही विचारत नाही. एक बाटली मिळाली, एक सुई टोचली, की उपचार झाला असे आपण समजतो. निदान ही चीज श्रीमंतांच्या लेकरांसाठी राखून ठेवलेली आहे आणि गरिबांच्या लेकरांच्या वाट्याला नुसते औषध येते, तेही कशावर दिले हे न सांगता. ही विषमता कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. पण ती रोज, प्रत्येक दवाखान्याच्या दारात पाळली जाते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले ते आठवा. परासिया परिसरातील लहान मुलांना साधा ताप आणि सर्दी-खोकला झाला. त्यांना खोकल्याचे सिरप दिले गेले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद पडली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना घेऊन आईबाप नागपूरच्या रुग्णालयांत धावले. वीसहून अधिक मुले दगावली. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तपासणी केली तेव्हा त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का! हे द्रव्य कारखान्यात वापरण्याचे आहे, लेकरांच्या पोटात घालण्याचे नाही. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. याच विषाच्या संदर्भात २०२२ मध्ये गाम्बियातील मुलांच्या मृत्यूनंतर भारतीय कंपनीच्या सिरपांकडे बोट दाखवले गेले होते. म्हणजे जवळपास चाळीस वर्षांत या व्यवस्थेने काय शिकले, ते वाचकांनीच ठरवावे.

छिंदवाड्यानंतर चर्चा झाली ती कंपनीची, परवान्यांची आणि अटकांची. ती व्हायलाच हवी होती. विष कुणी मिसळले, तपासणी कुणी चुकवली, याचा जाब मागितलाच पाहिजे. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. त्या बाटलीत विष नसते तरी तिचा त्या मुलांना उपयोग काय होता? उत्तर आहे, काहीही नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या सर्दी-खोकल्याला सिरपचा फायदा होतो असे शास्त्र सांगत नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच ३ ऑक्टोबर २०२५ रोजी पत्रक काढून सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे ती शिफारसयोग्य नाहीत. पत्रक निघाले, पण मुले गेल्यावर निघाले.

आजार कोणता, हे आता पाहू. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यामागे बहुतेक वेळा विषाणू असतो. एक नाही, अनेक. सर्दीचा राइनोव्हायरस, फ्लूचा विषाणू, पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनोव्हायरस आणि या सगळ्यांत तान्ह्या बाळांना सर्वांत जास्त छळणारा रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही. हा १९५६ साली अमेरिकेत प्रथम चिंपांझी माकडांमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाळांमध्ये आढळला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. बहुतेकांना नुसती सर्दी होऊन बरे वाटते. काहींच्या फुफ्फुसातील बारीक नळ्या सुजतात, आत चिकट स्राव साचतो, छातीत सूं-सूं आवाज येतो, बाळ दूध ओढू शकत नाही. याला डॉक्टर ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. २०१९ सालच्या आकडेवारीवरून झालेल्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले आरएसव्हीमुळे मेली. त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती आणि साधारण चारातली तीन रुग्णालयाबाहेर मेली. रुग्णालयाबाहेर म्हणजे कुठे? घरात, रस्त्यात, बैलगाडीत, बसथांब्यावर.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही नावाच्या विषाणूवरून वाहिन्यांनी देशभर किती घबराट पसरवली होती! जणू आभाळ कोसळले. हा विषाणू नेदरलँड्समध्ये २००१ सालीच शोधला गेला आणि तो त्याहीपूर्वीपासून मुलांना सर्दी-खोकला देत आला आहे. नाव नवे वाटले म्हणून बातमी झाली. दरवर्षी मरणाऱ्या मुलांची बातमी होत नाही, कारण ती मुले कुणाची असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. असो.

तर मग निदान करायचे कसे? येथेच गरीब माणूस हबकतो. त्याला वाटते निदान म्हणजे मोठी यंत्रे, मोठ्या तपासण्या आणि मोठे बिल. लहान मुलांच्या श्वसनाच्या आजारात सत्य नेमके उलटे आहे. येथे सर्वांत महत्त्वाची तपासणी फुकट आहे. बाळाचा सदरा वर करायचा, उजेडात त्याची उघडी छाती आणि पोट बघायचे, ते शांत असताना, रडत नसताना, दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर त्याला जलद श्वास म्हणतात आणि ती न्यूमोनियाची खूण मानतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० भरले तर पुन्हा एकदा मोजायचे आणि पुन्हा तेवढेच भरले तर घरी थांबायचे नाही. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे बघायचे. आपल्या आयाबाया त्याला 'पोट उडते', 'छाती उडते' म्हणतात. त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर असते. फक्त ते ऐकून घेणारा डॉक्टर हवा.

आणि काही खुणा अशा आहेत की तेथे मोजत बसायचेच नाही. मूल पाणी किंवा दूध पिऊ शकत नाही, प्यायलेले सगळे ओकून टाकते, झटके येतात, सुस्त पडून राहते, उठवले तरी उठत नाही, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, शांत असतानाही घशातून घर्र आवाज येतो, कण्हते. यातील एक जरी दिसले तरी त्याच पावली मोठे रुग्णालय. एक-दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास मध्येच काही क्षण थांबतो. आरएसव्हीमध्ये कधी कधी तीच पहिली खूण असते, त्याला ताप नसतो, फारसा खोकलाही नसतो. तसेच फार कुपोषित मुलाला मोठा आजार झाला तरी ताप चढेलच असे नाही. 'ताप नाही ना, मग काही नाही' असे म्हणून परत पाठवणाऱ्यांना हे सुनावले पाहिजे.

ही श्वास मोजण्याची पद्धत कोणत्या पंचतारांकित इस्पितळात जन्मली नाही. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका येथे डॉ. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की स्टेथोस्कोप आणि एक्स-रे नसलेल्या ठिकाणीही श्वासाचा वेग आणि आत ओढली जाणारी छाती यांवरून न्यूमोनिया ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने तीच रीत जगभर नेली. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना ती शिकवली. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मोठे आकडे न मोजता येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मण्यांचे एक साधन केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल छापून आला. ज्या गावांत असे निदान आणि गोळ्यांचा उपचार झाला तेथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांत एकाहून कमी, म्हणजे ०.८ टक्के मुले दगावली, तर जेथे हे काम नव्हते तेथे १३.५ टक्के. निरक्षर सुईण हे करू शकते! मग पदव्यांच्या पाट्या लावून बसलेल्यांना एक मिनिट का मिळत नाही?

कारण श्वास मोजायला लेकराजवळ जावे लागते. त्याचा सदरा वर करावा लागतो. त्याच्या छातीला हात लावावा लागतो. आणि या देशात कुणाच्या छातीला कुणी हात लावायचा, हा प्रश्न कधीच केवळ वैद्यकीय राहिलेला नाही.

१२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते नोंदवून ठेवले आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत तिची छाती भरून आली, श्वास घेता येईना. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण रोग्याला शिवणार नाही या अटीवर. त्या आजारी बाईला आणि दोन दिवसांच्या बाळाला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला आणि तो त्याच क्रमाने परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात तापमापक बघितला आणि न्यूमोनिया म्हणून निदान करून निघून गेला. छातीला हात नाही, कान नाही, श्वास मोजणे नाही. ती माउली वाचली नाही.

आता ते दिवस गेले, असे कुणी म्हणेल. खरेच गेले? भारतीय दलित अध्ययन संस्था आणि युनिसेफ यांच्यासाठी संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानमधील गावांत दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तपासताना स्पर्श टाळणे, दलित मुलांना कमी वेळ देणे, औषध हातात न देता दुरून देणे, असे भेदाचे प्रकार त्यात नोंदलेले आहेत. १९२९ नंतर ८१ वर्षांनी! महाराष्ट्रात असे होत नाही म्हणून आपली पाठ थोपटून घेणाऱ्यांनी एखाद्या बाह्यरुग्ण विभागात तासभर उभे राहावे. जात विचारली जात नाही, हे खरे. पण पत्ता विचारला जातो, कपडे बघितले जातात आणि टेबलाच्या पलीकडून चिठ्ठी लिहिली जाते. स्टेथोस्कोप लागलाच तर तो स्वेटरवरून लागतो. गर्दी आहे, डॉक्टर एकटा आहे, ही अडचण आम्ही नाकारत नाही. सरकारी डॉक्टरला शंभर रुग्ण पाहायला लावणारी व्यवस्थाच दोषी आहे. परंतु त्याच डॉक्टरच्या खासगी खोलीत हेच मूल पैसे मोजून गेले तर छाती उघडी करून तपासली जाते, हेही आपण पाहतो.

आता प्रयोगशाळेकडे वळू, कारण दुसऱ्या टोकाची फसवणूक तेथे चालते. शहरांतल्या खासगी रुग्णालयांत मुलाच्या नाकातून नमुना घेऊन एकाच वेळी वीसएक विषाणू शोधणारी महागडी तपासणी करायला सांगतात. यादी छापून येते, एक-दोन नावांपुढे 'पॉझिटिव्ह' असते आणि घाबरलेला बाप दागिने गहाण ठेवतो. ही तपासणी खोटी नाही. आरटी-पीसीआर विषाणूचा बारीकसा अंशही पकडते. पण तिचे दोन दोष बिल देताना सांगितले जात नाहीत. एक, आजार बरा झाल्यावरही कित्येक दिवस, कधी आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन, ठणठणीत मुलांच्या नाकातही राइनोव्हायरससारखे विषाणू सापडतात. म्हणून नाकात विषाणू सापडला म्हणजे छातीतल्या आजाराचे कारण सापडले, असे नेहमीच होत नाही. आरएसव्ही आणि फ्लू हे निरोगी मुलांत क्वचित दिसतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत पॉझिटिव्हला वजन जास्त. पण बहुतेक विषाणूंवर मारा करणारे औषधच नाही. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर आहे, तेही लवकर दिले तर उपयोगी. मग त्या लांबलचक यादीने उपचारात बदल काय होणार? फार आजारी मुलांत, अतिदक्षता विभागात, जन्मजात हृदयरोग असलेल्या बाळांत तिचा उपयोग आहे. वाहत्या नाकाच्या प्रत्येक मुलाला ती करायला लावणे हा धंदा आहे.

एक्स-रेचेही तसेच. फुफ्फुसात पांढरा डाग दिसला म्हणून तो विषाणूचा की जिवाणूचा, हे एक्स-रे खात्रीने सांगत नाही. रक्तातल्या सीआरपीचा आकडाही सांगत नाही. बांगलादेश, थायलंड आणि आफ्रिकेतील पाच देशांत 'पर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या, एक्स-रेमध्ये खूण दिसलेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंमुळे आणि सुमारे २७ टक्के जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज निघाला. एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के होता. क्षयरोगाचाही लहान पण दुर्लक्ष करू नये असा वाटा होता, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या मुलाची क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

येथे एक शंका येईल. एवढे विषाणूच आहेत तर श्वास जलद असलेल्या मुलाला आशाताई किंवा उपकेंद्रातली परिचारिका अमॉक्सिसिलीन का देते? कारण चारात एक तरी जिवाणूचा असू शकतो, तो कोणता हे गावात बसून ओळखता येत नाही आणि चुकले तर मूल जाते. तेथे प्रतिजैविक देणे हा शहाणपणा आहे. जेथे श्वास जलद नाही, छाती ओढली जात नाही, मूल खेळते आहे, दूध पिते आहे, नुसते नाक वाहते आहे, तेथे मात्र प्रतिजैविक देणे हा गुन्हा म्हणावा लागेल. विषाणूवर ते चालत नाही, जुलाब होतात आणि उद्या खरी गरज लागेल तेव्हा ते निकामी ठरते. म्हणजे तीच गोळी एका मुलाला जीवदान आणि दुसऱ्याला अपाय. त्यांच्यातला फरक एक मिनिट श्वास मोजून ठरतो!

ब्रॉन्किओलायटिसमध्ये तर लुटीला आणखी वाव असतो. सर्दीपासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हा आजार सर्वांत जोरात असतो आणि मग हळूहळू ओसरतो. नेमक्या त्या दिवसांत मशीनची वाफ, स्टेरॉइड, रोज एक इंजेक्शन असा मारा होतो. मूल आपोआप सुधारले की श्रेय इंजेक्शनला. या आजारात ही औषधे सरसकट दिल्याने फायदा होत नाही, हे बालरोगशास्त्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लागते ते नाक मोकळे ठेवणे, थोडे थोडे दूध पाजत राहणे आणि रक्तातला प्राणवायू कमी झाला तर ऑक्सिजन. सलाईनही सगळ्यांना नको. जे पिऊ शकते त्याला पाजावे.

ऑक्सिजन कमी झाला हे कळायला बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर आता गावागावात पोहोचले आहे, ही कोरोनाकाळाची एक बरी कमाई. आकडा ९० च्या खाली गेला तर मुलाला ऑक्सिजन आणि रुग्णालय हवेच. पण मोठ्या माणसाचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही आणि चुकीचा आकडा दाखवतो. त्यासाठी लहान मुलांचा वेगळा प्रोब लागतो, पायाला गुंडाळायचा. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक झोंबणारी आहे. अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की कृष्णवर्णीय रुग्णांत प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असतानाही हे यंत्र 'ठीक आहे' असे सांगण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. तो अभ्यास प्रौढांचा होता. पण यंत्र कातडीचा रंग ओळखते आणि सावळ्या कातडीला खोटा दिलासा देते, हे कळल्यावर आपल्या लेकरांच्या बाबतीत नुसत्या आकड्यावर विसंबून कसे चालेल? आकडा ९३ दाखवतो आणि बाळाची छाती ओढली जाते, तर छातीवर विश्वास ठेवा.

आपल्या समाजाशीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' नावाची रीत अजून सुटलेली नाही. शहरातल्या वस्त्यांत चटके नसतील, पण दृष्ट काढणे, अंगारा लावणे, दोऱ्यात गाठ मारून घेणे चालू आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून घरात हे चालत असेल तर ते सांगितलेच पाहिजे. अर्थात भुमकाकडे जाणाऱ्या आदिवासी आईला शिव्या देणे सोपे आहे. भुमका निदान तिच्या बाळाला हात तरी लावतो, तिचे ऐकून तरी घेतो. आरोग्य केंद्रात तेवढेही मिळाले तर ती तिकडे कशाला जाईल? त्याच मेळघाटातील ९३ गावांत डॉ. आशिष सातव आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालील मुलांतल्या आरएसव्हीचा अभ्यास केला. गावात, घरी दगावलेल्या मुलांच्याही नाकातील नमुने त्यांनी तपासले आणि त्यांतल्या काहींमध्ये हा विषाणू निघाला. त्या मुलांचा हिशेब एरवी कुठल्याच दवाखान्याच्या दप्तरात आला नसता. प्रयोगशाळा हवी ती अशा कामासाठी. कोरोनात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरची यंत्रे बसवली, त्यांवर दर आठवड्याला काही मुलांचे नमुने तपासून कोणत्या महिन्यात कोणता विषाणू पसरतो आहे हे जाहीर करायला सरकारला कोण अडवते?

१९२६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांचा लाडका राजरत्न न्यूमोनियाने गेला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरे लहानपणी गेली, एक यशवंत वाचले. तेव्हा पेनिसिलीन औषध म्हणून कुणाच्या हातात नव्हते. आज औषध आहे, ऑक्सिजन आहे, लसी आहेत. न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची पीसीव्ही लस २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. ती आपल्या मुलांना ठरल्या वेळी टोचून घ्या. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमधल्या अभ्यासात २००४ साली दिसले की ही लस घेतलेल्या मुलांत विषाणू सापडलेल्या न्यूमोनियाने दाखल होण्याचे प्रमाणही ३१ टक्क्यांनी कमी झाले, कारण विषाणूच्या पाठीवर बसून जिवाणू आत शिरतो. आरएसव्हीवर गरोदर मातेची लस आणि नवजात बाळाला एकदाच द्यायचे इंजेक्शन, ही दोन्ही साधने जगात निघाली आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये त्यांची शिफारसही केली आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरणाच्या तक्त्यात मात्र त्यांना अजून जागा नाही. ज्याच्याकडे पैसा त्यालाच ती मिळणार असतील, तर त्याची मागणी आतापासून करावी लागेल.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सांस' नावाची मोहीम सुरू केली. २०२५ पर्यंत न्यूमोनियाचे बालमृत्यू हजार जिवंत जन्मांमागे तीनच्या खाली आणायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. ते वर्ष सरले. आपल्या तालुक्यात ते उद्दिष्ट गाठले काय, हा आकडा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी मागा, माहिती अधिकारात मागा. आशाताईच्या पिशवीतले घड्याळ चालते का, उपकेंद्रात लहान मुलांचा प्रोब आहे का, अमॉक्सिसिलीन संपलेले तर नाही ना, प्राथमिक आरोग्य केंद्रातला ऑक्सिजन रात्री दोन वाजता मिळतो का, हे चार प्रश्न ग्रामसभेत आणि वॉर्डात उभे राहून विचारा. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईला दोष देऊ नका, जाब वरच्यांना विचारा.

आणि १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी आपली मंडळे ठिकठिकाणी आरोग्य शिबिरे घेतात. स्तुत्य आहे. पण त्यात लहान मुलांना खोकल्याच्या बाटल्या फुकट वाटण्याचे पुण्यकर्म या वर्षापासून बंद झाले पाहिजे. त्याऐवजी वस्तीतल्या परिचारिका भगिनीला बोलवा, एक सेकंदकाट्याचे घड्याळ ठेवा, तरण्या आयांना आणि आज्यांना पुढे बसवा आणि मांडीवरच्या लेकराचा सदरा वर करून एक मिनिट श्वास कसे मोजायचे ते करून दाखवा. साठ, पन्नास, चाळीस हे तीन आकडे बुद्धविहाराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवा, आणि खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक.